मामाचे अनुमत

दिवाळीच्या आधी आलेले पत्र. संक्रांत होऊन गेली, तरी त्र्यंबकाने त्याला उत्तर धाडले नव्हते.

पत्र आवडाचे, पण अक्षर सुमतीचे. आवडा त्याची धाकटी बहीण, मुरबाडास दिराच्या आश्रयाला राहिलेली विधवा. तिला लिहितावाचता येत नसे. नऊ वर्षांच्या सुमतीला बाळबोध अक्षरे त्र्यंबकानेच गिरवायला लावली होती, आणि आईने सांगितले तसे पोरीने स्वतःच्याच स्थळाविषयी लिहिले होते : ‘दादा, मुलगा तुझ्या आळीतला आहे. प्रकृती कशी ते कळव. भावजी घाई करतात. तू नको म्हणालास तर मी पाय रोवून बसेन.’

प्रकृती त्र्यंबकाला ठाऊक होती. मुलगा म्हणजे जनार्दनपंत; त्यांचे घर समोरच. सकाळी विहिरीवर खोकता खोकता त्यांची चूळ लाल होई.

पण लिहायचे कसे? वाचणार सुमतीच. तुझा नवरा जगायचा नाही, हे पोरीने आपल्याच तोंडाने आईला वाचून दाखवायचे? शिवाय आपण वैद्य थोडेच! त्याने वैद्यकाची पोथी काढून लक्षणे ताडून पाहिली. सगळी जुळली, तशी पोथीचीच शंका आली. मसुदे झाले, फाटले.

ठाण्यातल्या एका शिळाछापखान्यात तो लिहिणारा होता. त्याने चिकट शाईने कागदावर लिहावे आणि काळुरामने ते दगडावर दाबून उतरवावे. एके दिवशी काळुरामने एक मजकूर त्याच्यापुढे टाकला. वाङ्निश्चयाच्या पत्रिका छापायची तेव्हा नवीच टूम निघाली होती.

“पंत, सोयरीक तुमच्या घरची, आणि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं? पेढे काढा पेढे!”

त्र्यंबकाने वाचले. ‘मुलीचे मातुल त्र्यंबक महादेव यांचे अनुमते.’ मंगलपत्रिकेत विधवेचे नाव येत नाही, म्हणून आवडाच्या जागी त्याचे घातले होते. मामाचे पत्र नाही, म्हणजे मामाची हरकत नाही, असे दिराने ठरवून टाकले होते.

दुपारी जनार्दनपंत वेलबुट्टी पसंत करायला आले. नमुन्यांकडे त्यांनी पाहिलेही नाही.

“कुठलीही घाला. आमच्या थोरल्या भाऊंची हौस आहे. मला कोण विचारतो?” खोकल्याची उबळ आली, तसे त्यांनी उपरण्याचे टोक तोंडाशी धरले आणि मग मुठीत चुरगाळले. “त्र्यंबकराव, तुमचा नकार येईल असं वाटलं होतं मला.”

“माझा?”

“रोज विहिरीवर बघता की हो मला. भाऊंपुढे माझं तोंड उघडत नाही. म्हटलं, मुलीचा मामा समोर राहतो, शहाणा आहे, पोथ्या वाचतो, तो लिहील. वाट पाहिली मी.”

त्र्यंबकाने नमुन्यांचे कागद गोळा केले.

जनार्दनपंत गेल्यावर त्याने बोरू उचलला आणि पत्रिका लिहिली. स्वतःचे नावही लिहिले. अक्षर नेहमीसारखेच सुबक आले, आणि त्याला त्या अक्षराची किळस आली. काळुरामने छाप काढले. भाऊ गठ्ठा घेऊन आगगाडीने कल्याणास गेले, तिथून पुढे बैलगाडीने मुरबाडास.

आपणही जावे, असे त्र्यंबकाच्या मनात आले. पण दारात उभे राहून, मांडलेल्या पाटांसमोर, चारचौघांत बोलायचे? एकदा धोतर नेसून, उपरणे घेऊन तो स्टेशनापर्यंत गेलाही. गाडी आली आणि गेली.

शेवटी त्याने कागद घेतला. सुमतीला अडू नये म्हणून मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिले : ‘आवडा, मुलास क्षय आहे. देऊ नकोस. हे मी आधीच लिहायचे होते. सुमे, हे आईला वाचून दाखव, आणि भिऊ नकोस.’

शेवटचे तीन शब्द त्याने खोडले. पुन्हा लिहिले.

टपालकचेरीत कारकुनाने पत्ता पाहिला. “मुरबाड? थैली आत्ताच गेली, पंत. आता उद्या निघेल, परवा पोचेल. चालेल ना?”

वाङ्निश्चयाचा मुहूर्त उद्या सकाळचा होता. एकदा दिलेला शब्द मोडला, तर पोरीला दुसरे घर मिळणार नव्हते. आता या पत्राने काही थांबणार नव्हते; पोरीला जे कळायचे तेवढेच कळणार होते.

“चालेल,” त्र्यंबक म्हणाला आणि त्याने पत्र पेटीत टाकले.