पाचवीचं कालवण

“बालंतिनीला पयलं कालवन आपल्या खारीच्या निवट्याचं. पाचवीच्या दिशी. बाजारातलं नको, बर्फातलं नको. कललं?”

चंद्रभागाबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात जीव उरला नव्हता, पण सुनेच्या मनगटावरची पकड मात्र उभा जन्म खाडीत जाळं ओढलेल्या बाईची होती. “दूध पितापिताच पोराला खार कलते गो. मंग ते खारीला इसरत नाय.” सगुणाने “हो आये” म्हटलं, तेव्हा कुठे तो हात सुटला.

सगुणाचा मुलगा दर्शन तेव्हा शाळेत जात होता. आता त्याच्या बायकोच्या, वर्षालीच्या मांडीवर चार दिवसांची मुलगी होती. वर्षालीला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं होतं. उद्या पाचवी. आणि मोरीत ठेवलेल्या डेगचीत सगुणाच्या नवऱ्याने, दामाजीने, सकाळीच आणलेले निवटे झाकणाला धडका देत होते.

निवटा हा चिखलातला मासा. बोटाएवढा, डोळे टाळूवर आलेले, पाणी ओसरलं की चिखलावर उड्या मारत फिरणारा. बिळात हात घालून त्याला धरावं लागतं. गावात हे कसब असलेले आता दोघं-तिघंच होते, त्यांतला दामाजी एक. डोंबिवलीच्या बाजारात सगुणाची जागा ओळखली जायची ती या जिवंत निवट्यांमुळेच. लोक लांबून गाडी काढून यायचे.

“आये, डेगचीवर दगूड ठेव,” दामाजी ओटीवरून ओरडला. नातीच्या येण्यापासून तो बायकोलाही ‘आये’ म्हणायला लागला होता. “एक जरी पलाला तरी मी परत चिखलात जानार नाय.”

“पलाला तर तुमच्यासारकाच पलंल, कामाच्या टायमाला,” सगुणा म्हणाली आणि झाकणावर वरवंटा ठेवून बाहेर पडली. रविवार होता. समाजमंदिराची किल्ली तिच्याकडे असायची, कारण तिथल्या एकवीरेच्या तसबिरीपुढे सांजसकाळ दिवा लावायचा नेम तिचा होता. आणि रविवारी कॉलेजची मुलं तिथे गावकऱ्यांना विज्ञान समजावून सांगायला यायची.

मुलं म्हणजे पाचसहा जणांचा घोळका, पण बोलायची ती प्रीती. तिसऱ्या वर्षाला, प्राणिशास्त्र. बारीक अंगाची, चष्मा सतत नाकावरून घसरणारी. पहिल्या रविवारी, बाजारात सगुणाच्या शेजारी मासे विकणाऱ्या रखमाबाईने तिला भर सभेत विचारलं होतं, “तू कंची गो? आमच्या खारीचं तुला काय कलतं?”

“खाडीचं नाही कळत, मावशी,” प्रीती म्हणाली होती. “नाल्याचं कळतं. कंपन्यांचा जो नाला तुमच्या खाडीला मिळतो ना, तो आधी आमच्या चाळीमागून जातो. लहानपणी आम्ही पैज लावायचो, आज लाल येईल की निळा.”

बायका हसल्या होत्या. रखमाबाईसुद्धा. त्या दिवसापासून मुलांना चहा मिळू लागला.

मागच्या रविवारी प्रीतीने बाईच्या शरीरात दूध कसं तयार होतं ते फळ्यावर काढून दाखवलं होतं. आई जे खाते-पिते त्यातलं बरंच काही रक्तातून दुधात उतरतं, असं ती म्हणाली, तेव्हा सगुणा मध्येच बोलून गेली, “ही तर माझ्या सासूची भाषा!”

“म्हंजे चंद्रभागाबाय कालेजात जायची काय?” कुणीतरी मागून म्हटलं, आणि हशा पिकला. पण सगुणा आतून सुखावली होती. न शिकलेल्या सासूचं बोलणं पुस्तकातही तसंच निघावं, याचा आनंद तिने घरी जाऊन वर्षालीला दोनदा सांगितला होता.

आज टेबलावर सूक्ष्मदर्शक यंत्र होतं. शेजारी दोन बाटल्या. एकीत खाडीच्या मुखाकडचं पाणी, दुसरीत नाला मिळतो तिथलं.

“या, रांग लावा. एक डोळा मिटायचा.”

सगुणाने डोळा मिटला. पहिल्या थेंबात जत्रा भरली होती. कुणी गिरक्या घेतंय, कुणी काचेसारखं अंग वाकवून पुढे सरकतंय, एकाला तर मोराच्या तुऱ्यासारख्या मिशा. एवढंसं पाणी, आणि त्यात एवढी वस्ती! तिचा हात आपोआप कपाळाकडे गेला.

मग प्रीतीने काच बदलली.

सगुणा वाट बघत राहिली. “चालू हाय ना गो यो?”

“चालू आहे, मावशी.”

“मंग यात कोन नाय?”

“एखादी अळी दिसेल कडेला. बाकीच्यांना तिथे राहणं जमत नाही.”

सगुणा बाजूला झाली. पुढचं प्रीती सगळ्यांना सांगत होती. पाण्यातून जे येतं ते गाळात बसतं. शिसं, पारा असल्या गोष्टी. त्यांना वास नाही, रंग नाही. गाळातले किडे ते खातात, किड्यांना मासे खातात. “पाट्यावर मिरची वाटून कितीही धुतला, तरी मागाहून वाटलेल्या खोबऱ्याला तिखटपणा लागतो की नाही? शरीराचं तसंच. ह्या गोष्टी सहज धुऊन जात नाहीत. आणि जो मासा गाळातच राहतो...”

“निवटा,” रखमाबाई म्हणाली. मग एकदम तिचा सूर चढला. “म्हंजे आता धंदापन बसवा आमचा!”

कालवा सुरू झाला. आम्ही हेच खाऊन वाढलो, आम्हाला काय झालं, कंपन्यांना जाऊन सांगा, गरिबाच्या चुलीत कशाला डोकावता. प्रीती मान हलवत ऐकत होती. या गोंधळात सगुणाच्या मनात मात्र दोन रविवार एकमेकांजवळ येऊन बसले होते. तिने हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा.

“बाय माझे, मागल्या बारीला तूच बोललीस, आई खाते ते दुधात उतरतं.”

“हो, मावशी.”

“आन आज बोलतेस, गालातलं निवट्यात उतरतं.”

प्रीतीचा चष्मा घसरला. तिने तो वर केला नाही.

“उद्या माझ्या नातीची पाचवी हाय,” सगुणा म्हणाली. “निवटं घरात हायेत. सासूला शब्द दिलेला. आता तू सांग.”

प्रीतीच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की तिच्या वहीत हा प्रश्न नव्हता. ती म्हणाली, “मला इथल्या निवट्यांचं नक्की माहीत नाही, मावशी. अजून कुणी तपासलेले नाहीत. उगाच घाबरवणार नाही. वर्षालीताईंनी बाळाला पाजायचं अजिबात थांबवू नका, त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण निवटे... माझी वहिनी असती तर मी दिले नसते.”

“नक्की म्हाईत नाय, आन म्हनं देऊ नको!” रखमाबाई उठून चालती झाली.

सगुणा घरी गेली आणि झाकणावरचा वरवंटा उचलून डेगची तशीच घेऊन आली. ती तिने टेबलावर ठेवली, सूक्ष्मदर्शकाच्या शेजारी.

“घेऊन जा. तपास.”

“मावशी, हे तुमच्या उद्याच्या...”

“म्हनूनच दिले.” मग ती हळूच म्हणाली, “याच्या आदीपन लोक आलते. बाटल्या भरून पानी न्हेलं, फोटू काढलं. परत कोन आलं नाय. तू येशील?”

“येईन. रिपोर्टला वेळ लागेल, पण येईन.”

“चांगला आला तर कोनपन येतो गो. वाईट आला तरी येशील काय?”

प्रीतीने तिचा हात हातात घेतला. “येईन.”

“मंग मीपन सांगते. तू वाईट घेऊन आलीस, तर पयल्या घरात मी जाईन. तुला एकटीला शिव्या खायला लावनार नाय.”

घरी दामाजी संतापला. चिखलात कमरेत उसण भरली, ती काय कॉलेजला मासे फुकट वाटायला? “माझ्या आयेनं काय सांगितलं ते इसरलीस? सोन्यासारका शब्द!”

“नाय इसरली.”

“आन ज्या कंपनीचा नाला, तिथंच आपल्या दर्शनची ड्युटी हाय. त्याचा पगार दुधात उतरत नाय वाटतं?”

आतून वर्षालीने हाक मारली, “आई, मला काही पण चालेल हो. नाहीतर सूप द्या.” ती डोंबिवलीच्या सोसायटीत वाढलेली; निवट्यांच्या त्या शब्दाचं मोल तिला पुरतं कळणारं नव्हतं, पण सासूचा उतरलेला चेहरा तिला दिसत होता.

पहाटे सगुणाला जाग आली तेव्हा त्याची जागा रिकामी होती. तो परतला तो थेट भाऊच्या धक्क्यावरून, पिशवीत मुडदुशी मासळी घेऊन. समुद्राची, पांढरीशुभ्र, चकचकीत. “हीपन बालंतिनीला चालते,” तो भिंतीकडे बघून म्हणाला. “दूध वाढतं. आयेच बोलायची.”

सगुणाने वाटण मात्र सासूच्या हातचंच केलं. तेच ओलं खोबरं, तीच लसूण, चिंचेचा कोळ तेवढाच. पाचवी पुजली. वर्षालीने दोनदा भात घेतला, बाळ पिऊन झोपलं, सगळं यथास्थित झालं. मग सगुणा नारळ घेऊन खाडीवर गेली. ओटी भरताना सासू खाडीशी बोलायची, मोठ्याने, घरातल्या थोरल्या बाईशी बोलावं तशी. सगुणाने तोंड उघडलं. ‘तुझ्या पोरीला तुझी चव नाय दिली’ हे सांगायचं कसं? नारळ पाण्यात गेला, हेलकावत राहिला, आणि भरतीने तो पुन्हा तिच्या पायाशी आणून टाकला. तिने दुसऱ्यांदा ढकलला.

त्यानंतर तिने निवटे विकायला नेले नाहीत. धक्क्यावरची मांदेली, बोंबील लावून बसायची. ओळखीची गिऱ्हाइकं विचारायची, “आज निवटे नाहीत?” शेजारून रखमाबाई सांगायची, “हिकडं या, माझ्याकरं हायेत. ती आता शिकलीय!” सगुणा पाटीवर पाणी शिंपडत राहायची. दामाजीने डेगची घासून खुंटीला उलटी टांगली होती. रविवारी मुलं येत होती, झाडांचं, डासांचं सांगत होती. रिपोर्ट आला नव्हता.

तो आला मधल्याच एका वारी, दिवेलागणीला. सगुणा समाजमंदिरात वात सारखी करत होती. पायरीवर चपला काढल्याचा आवाज झाला. प्रीती एकटीच होती. घोळका नाही, यंत्राची पेटी नाही.

“मावशी, आले.”

सगुणाने मागे वळून तिचा चेहरा पाहिला आणि पुन्हा दिव्याकडे वळली. “वाईट हाय.”

“हो. शिसं जास्त आहे, पारापण. कॉलेजच्या सरांनी दोनदा तपासून घेतलं. मोठ्या माणसांनी एखाद्या वेळी खाल्ले तर लगेच काही होईल असं नाही. पण पोटुशी, बाळंतीण, लहान मुलं... त्यांना नकोच.” तिने चष्मा वर सरकवला. “सर म्हणाले, रविवारी सगळ्यांसोबत जा. पण मला वाटलं, तोपर्यंत कुणीतरी खाईल.”

सगुणाने वात पुढे सरकवली. दिवा नीट लागेपर्यंत ती बोटांचा आडोसा धरून उभी राहिली. हात जोडले. सासू डोळ्यांसमोर आली, ती रागावलेली की गप्प, हे तिला ठरवता येईना. मग तिने पदराला हात पुसले, समाजमंदिराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

“रखमाबायची लेक कालच बालंतपनाला म्हायेरी आलीय,” ती म्हणाली.

गल्लीत घराघरांतून वाटणाचा वास येत होता. वाटेत दामाजी ओटीवर बसला होता, नातीला मांडीवर घेऊन. दोघींना एकत्र बघून त्याला काय ते कळलं. त्याने बाळाच्या तोंडावरची माशी वारली आणि पाय आखडून घेतले, त्यांना जायला वाट व्हावी म्हणून.

रखमाबाईच्या दाराशी पाटी उतरवून ठेवलेली होती. तिच्यात झाकलेल्या टोपात काहीतरी धडका देत होतं. आतून रखमाबाईचा आवाज आला, “कोन हाय गो?”

प्रीती पुढे सरकली. सगुणाने तिला हाताने अडवलं.

“तू जरा मागं रव्ह. आदी मी बोलते.”

तिने चपला काढल्या, एकीला एक लावून ठेवल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि उंबऱ्यात पाय ठेवला.