तीनदा ‘पुरे’

इंदूरमधल्या पलासिया भागातल्या त्या क्लासमध्ये मी पहिल्यांदा शिरलो तेव्हा शिकवणाऱ्या सुरभी मॅडम चटकन उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, मी कुणाचा तरी पालक आहे. मी ‘विद्यार्थी’ असं म्हणालो, पण इतक्या हळू की ते मला दोनदा सांगावं लागलं.

कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करून मी निवृत्त झालो. मोबाइलवरचे खेळ कसे बनवतात याचं एक पुस्तक वाचता वाचता मधेच अडलो. अडलं की दुसरं पुस्तक शोधायचं ही माझी पद्धत. पण बायको, सुलोचना, म्हणाली, “अहो, एकदा तरी माणसाला विचारून बघा.” म्हणून हा क्लास.

स्क्रीन बदलण्याचा धडा आला. मॅडम म्हणाल्या, “काकाजी, ऐसा समझो, नवी स्क्रीन जुन्या स्क्रीनच्या वर ठेवली जाते. मागे जायचं तर वरची उचलायची, खालची अपने आप दिसते. जुनीच परत नव्याने नाही मांडायची.”

मला समजलं असं वाटलं. असं वाटतं तेव्हाच मी खरं तर सावध व्हायला हवं.

मी बनवलेल्या खेळाचं नाव ‘पंगत’. पहिल्या स्क्रीनवर घराचं दार. दार उघडलं की दुसऱ्या स्क्रीनवर ताट. मीठ वर मधे, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मधे वरणभात. पदार्थ बोटाने ओढून आपापल्या जागी वाढायचे. ताट पूर्ण झालं की शेवटच्या स्क्रीनवर विडा, आणि विडा घेतला की ताट उचललं जाऊन पुन्हा दार.

कुणी मधेच मागे जाण्याचं बटण दाबलं तर? मला ते पटेना. भरल्या ताटावरून कुणी उठतं का? म्हणून मी तिथे आग्रहाची एक स्क्रीन घातली. “अहो, उठता काय? थोडा भात वाढू?” खाली दोन बटणं, ‘वाढा’ आणि ‘पुरे’. आता पाहुण्याचं पहिलं ‘पुरे’ कुणी खरं मानत नाही. दुसरंही नाही. तेव्हा पहिल्या दोन्ही वेळी पुन्हा ताटच समोर येईल आणि तिसऱ्या ‘पुरे’ला दार उघडेल, असं ठरवलं. यावर मी मनातल्या मनात खूश होतो.

तेवढ्यात सुलोचनेने घात केला. तिच्या महिला मंडळाच्या स्नेहमेळाव्यात दरवर्षी कुठला तरी तयार खेळ लावतात. या वर्षी तिने भर सभेत सांगून टाकलं, “यंदा आमच्या यांनी बनवलेला खेळ!” मंडळाच्या अध्यक्ष मनोरमावहिनी म्हणाल्या, “पांडुरंगभावजी? ते तर पंगतीत मीठसुद्धा मागत नाहीत. ते खेळ करणार?”

“माझं नाक आहे हो पणाला,” सुलोचना घरी येऊन म्हणाली.

मी हो म्हणालो, आणि मनाशी ठरवलं की खेळ फसला तर क्लास सोडायचा. एवढी लाज पेलून पुन्हा त्या पोरांमध्ये बसणं माझ्याच्याने झालं नसतं.

मेळाव्याच्या दिवशी मी सभागृहात शेवटच्या रांगेत, खांबाच्या आड बसलो. अमिता नावाच्या सभासदाने मनोरमावहिनींचा फोन मोठ्या पडद्याला जोडून दिला. मान अध्यक्षांचा, पहिलं ताट त्याच वाढणार.

“शेव कुठाय?” वहिनींचा पहिला प्रश्न. “इंदूरचं ताट आणि शेव नाही? भावजी पुण्याहून आलेत की काय?”

हशा झाला. त्यांनी मीठ वाढलं, लिंबू वाढलं, आणि चहा आला म्हणून मागचं बटण दाबलं. पडद्यावर आग्रह आला. बायका खुदकन हसल्या. वहिनींनी ‘पुरे’ दाबलं. ताट समोर, पण रिकामं! मीठ, लिंबू गायब. पुन्हा मागे, पुन्हा आग्रह, पुन्हा ‘पुरे’, पुन्हा कोरं ताट. तिसऱ्यांदा तेच. पाचव्यांदाही तेच.

“भावजी, जेवायला बोलावलंय की डांबलंय?”

खांबाआड माझे कान तापले. काय झालं ते मला त्या क्षणी लख्ख दिसलं. मी ताटावर परत जातच नव्हतो. दर वेळी वर एक नवंच ताट मांडत होतो, आणि नव्या ताटाला आधीचं काही आठवत नाही. त्याच्या हिशेबी दर वेळचं ‘पुरे’ पहिलंच होतं. खालीही ताटांची चळत साचली होती. हे मला आधी का कळलं नाही? कारण खेळून बघताना मी एकदाही ताटावरून मधे उठलो नव्हतो. ते बटण मी दाबलंच नव्हतं.

अमिता म्हणाली, “काकू, सीधे होम दाबा ना. ॲप बंद करून टाका, झंझट खतम.”

“पंगत मोडून उठू?” वहिनी ताठ बसल्या. “मनोरमा कधी पंगतीतून उठली नाही, आज उठेल होय? सुलोचना, तुझ्या नवऱ्याला इकडे बोलाव.”

सुलोचना खांबापाशी आली. माझ्याकडे बघितलं. मी उठलो. माइक हातात आला तेव्हा जे खरं होतं ते सांगितलं. “ताटावर ताट चढलंय. एक पूर्ण केलं, विडा घेतला, की तेवढं उचललं जातं आणि खालचं दिसतं. चूक माझी आहे.”

“चूक राहू द्या. ताटं किती, ते सांगा.”

“तुम्ही जितक्यांदा ‘पुरे’ म्हणालात, त्याहून एक जास्त.”

सभागृहात हशा फुटला. वहिनींनी पदर खोचला आणि सुरुवात केली. “मीठ!” बायका ओरडल्या. “चटणी डावीकडे, वहिनी, डावीकडे!” विडा आला, ताट उचललं गेलं, टाळ्या. दोन ताटांच्या मधे साचलेली आग्रहाची स्क्रीन आली की सगळ्या एका सुरात “पुरे!” म्हणू लागल्या. मला धडकी भरली. “‘पुरे’ म्हणू नका हो!” मी माइकवरून ओरडलो, “आणखी एक ताट येईल! या स्क्रीनवर मागचं बटण दाबा!” मी माइकवर ओरडलो हे मला घरी गेल्यावर कळलं.

सगळ्यांत खाली पहिलं ताट निघालं. त्यात मीठ आणि लिंबू जसंच्या तसं वाट बघत होतं. ते संपलं, आणि दार दिसलं.

“वा!” वहिनी धापा टाकत म्हणाल्या. “इतकी ताटं जेवले तरी भूक लागली. भावजी, पुढच्या वेळी शेव घाला.”

पुढची वेळ आहे, हे सुलोचनेने माझ्याआधी ऐकलं. घरी येताना रिक्षात ती सारखी हसत होती.

सोमवारी क्लासमध्ये सुरभी मॅडमनी डोक्याला हात लावला. “काकाजी, हे मी सांगितलं होतं ना!” मी चूक दुरुस्त केली. नवं ताट मांडायच्या ठिकाणी वरची स्क्रीन उचलायला लिहिलं. शेवही घातली, कोशिंबिरीशेजारी. ती तिथे चुकीची आहे असं मला अजून वाटतं.

मग मॅडम म्हणाल्या, “आता मधूनच उठून दाखवा.” मी मागे गेलो. तीनदा ‘पुरे’ दाबलं. दार उघडलं. सगळं बरोबर चाललं होतं.

मॅडम पलीकडच्या मुलाकडे वळल्या, तसा मी पुन्हा दार उघडून आत गेलो आणि मधेच टाकलेलं ताट पहिल्यापासून वाढून पूर्ण केलं.