ताईची डावी बाजू

दारावरच्या बाईने तिकिटं फाडून अर्धी परत दिली, तशी हर्षा वळसा घालून रत्नमालाताईच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिली. आई पुढे, बाबा मागे आणि ताईची उजवी बाजू मोकळी. मोकळी म्हणजे पाहुण्यांसाठी.

"जागा सोडू नोको," आई ओठ न हलवता म्हणाली.

"मले माहीत हाय आई. लहानपनापासून हेच तर करून राहिली मी."

"हळू बोल, पोट्टे!"

ताईला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. लहानपणी तिचा कान फुटला, कित्येक दिवस वाहिला आणि वाहायचा थांबला तेव्हा बंदच पडला. उजवा मात्र असा तल्लख, की ती कामाला होती त्या पवनीच्या औषधाच्या दुकानात एखादं गिऱ्हाईक लाजून पुटपुटलं तरी ताईने बरोबर पाकीट काढून दिलेलं असायचं. परका माणूस डावीकडे आला, तरच पंचाईत. म्हणून लग्नात, एसटीत, बाजारात डावीकडे हर्षा. त्यांच्या आसगावातही घराबाहेर फार कुणाला हे ठाऊक नव्हतं.

लाखांदूरकडचं स्थळ आलं, तेव्हा बाबांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं. पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच. या वेळी आईने ठरवलं, आधी जमू दे, मग सांगू. "आधीच सांगा," असं ताई दोनदा म्हणाली होती. तेव्हा आईचेच दोन्ही कान बंद झाले होते.

आजची भेट 'सहज' होती. अलीकडे त्यांच्या भागात असंच चालतं. दोन्ही घरं बाहेर कुठेतरी अचानक भेटल्यासारखी भेटतात. जमलं तर पुढे घरी जाणं. नाही जमलं तर कोणी कोणाच्या दारात गेलेलं नसतं, कोणी कोणाला नाकारलेलं नसतं, गावाला चघळायला काही उरत नाही. भंडाऱ्याजवळचं हे विज्ञान केंद्र सुचवलं होतं हर्षाने. शाळेच्या सहलीत ती इथे आली होती. नववीपर्यंत शेवटच्या बाकावर तोंड लपवणारी ही मुलगी त्या सहलीचा अहवाल वाचायला परिपाठात उभी राहिली आणि तेव्हापासून जी बोलत सुटली, ती थांबलीच नव्हती. "तुमी निस्ते या," तिने घरी छाती ठोकून सांगितलं होतं. "समदं मी समजावून सांगीन. तिथला कोपरान् कोपरा मले माहीत हाय."

वाकड्यातिकड्या आरशांपाशी ठरल्याप्रमाणे अचानक भेट झाली.

"अवो बाप्पा! परसरामभाऊ, तुमी बी इथंच?" सत्यभामाबाई इतक्या मोठ्याने चकित झाल्या, की आरशासमोरची दोन पोरं दचकून बाजूला झाली.

"जय भीम, जय भीम," बाबांनी हात जोडले. "लहानीची हौस. म्हटलं, चाला सहज." पाठ केलेलं त्यांनी एका दमात म्हणून टाकलं.

सत्यभामाबाईंमागे त्यांचा मुलगा वीरेंद्र उभा होता. गोसेखुर्दच्या धरणावर नोकरी, इस्त्रीचा निळा शर्ट आणि हसू दाबताना वाकडं झालेलं तोंड. त्याने एकदा ताईकडे पाहिलं. ताईने त्याला आरशात पाहिलं. तिथे तो दुधीभोपळ्यासारखा दिसत होता.

"माय माय, मी तर कोहळाच झाली!" सत्यभामाबाई दुसऱ्या आरशात स्वतःला पाहून खो खो हसल्या. "ह्या आरशात पाहून कोनी सून पसंत करन का व?"

आणि मग भेट सहज आहे हे आठवून त्यांनी जीभ चावली. आईने ऐकलंच नाही असं दाखवलं.

हर्षाला जोर चढला. सायकलवर पाय मारणारा हाडांचा सापळा, आभाळातले ग्रह, उंचावरून लोंबकळणारा लंबक. ती पुढे होऊन सांगत होती आणि मधेच आठवण झाली की धावत ताईच्या डावीकडे येत होती. सत्यभामाबाई कौतुकाने म्हणाल्या, "लहानी भल्ली हुशार हाय बाप्पा." हर्षाचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. त्याच भरात तिने पुढचं दार ढकललं. सहलीच्या वेळी या दालनाला कुलूप होतं, हे तिला दार उघडल्यावर आठवलं.

आत आवाजच आवाज होते. मधोमध एक खुर्ची, खुर्चीभोवती डोक्याच्या उंचीवर लोखंडी कडं, कड्यावर जागोजागी छोटे स्पीकर. समोर टेबलावर बटणं. हर्षाने पाटी पाहिली आणि सवयीने परिपाठाच्या आवाजात वाचायला लागली.

"आवाज कुठून आला? डोळे बांधून खुर्चीत बसा. टिक असा आवाज येईल त्या दिशेला बोट दाखवा. आवाज एका कानात आधी पोचतो आणि दुसऱ्या कानात किंचित उशिरा. या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. त्यासाठी दोन्ही..."

ती थांबली.

"दोन्ही काय?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"दोन्ही कान लागतात," वीरेंद्रने पाटीवरचं उरलेलं वाचलं.

आईने पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला.

"मी बसतो पहिले!" म्हणत सत्यभामाबाईंनी खुर्ची धरली. वीरेंद्र बटणं दाबत गेला, त्या बोट दाखवत गेल्या. एक चुकलं, तर त्यांनी मुलालाच रागे भरलं. मग हर्षा बसली. मुद्दाम वेळ काढत, मुद्दाम मोठ्याने हसत. पण खुर्चीत किती वेळ बसून राहणार?

"आता तू ये व, रत्नमाला."

"तिचं डोकं दुखून राहिलं सकाळपासून," आई घाईने म्हणाली. "गाडी लागते न तिले."

"नाई दुखत," ताई म्हणाली आणि खुर्चीत जाऊन बसली.

डोळ्यांवर कापड बांधायला हर्षा पुढे झाली. गाठ मारताना तिचं डोकं भराभरा चाललं होतं. गाठ झाल्यावर तिने हात काढून घेतला नाही. तो ताईच्या डाव्या खांद्यावर तसाच राहू दिला.

टिक. उजवीकडून. ताईचं बोट उजवीकडे गेलं.

टिक. डावीकडून. हर्षाने खांदा हळूच दाबला. ताईचं बोट क्षणभर हवेत घुटमळलं आणि डावीकडे वळलं.

"बराबर!" सत्यभामाबाई म्हणाल्या. आईने घट्ट ओढलेला पदर सैल सोडला. हर्षाला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात ताईने हात वर नेला. खांद्यावरचा हर्षाचा हात तिने अलगद उचलला आणि बाजूला केला.

"तू सरक तिकडं," ती म्हणाली.

टिक. डावीकडून. ताईने उजवीकडे बोट दाखवलं.

वीरेंद्रने पुन्हा तेच बटण दाबलं. ताईने पुन्हा उजवीकडेच दाखवलं. तिचं बोट सरळ होतं, जराही थरथरत नव्हतं. वीरेंद्रने बटणाकडे पाहिलं, मग ताईकडे, मग हर्षाच्या लोंबकळणाऱ्या हाताकडे. त्याने पुढे बटण दाबलं नाही.

"अवो, हे काय? समदं उजव्याच अंगाले?" सत्यभामाबाई पुढे झुकल्या. "काय झालं रे?"

"बटन अटकलं असन," वीरेंद्र म्हणाला. "असं होते कधी कधी."

आईच्या जीवात जीव आला. बाबा खाली पाहू लागले. हर्षाच्या मनात आलं, आता ताईने फक्त गप्प बसावं. नुसतं गप्प.

ताईने कापड काढलं, त्याची नीट घडी केली आणि खुर्चीच्या हातावर ठेवली.

"बटन बराबर हाय," ती वीरेंद्रला म्हणाली. "माया डावा कान बंद हाय."

बाहेर कडुनिंबाखाली चादर अंथरून डबे उघडले, तेव्हा फक्त झाकणांचा आवाज झाला. आईने वाढलेली पोळी सत्यभामाबाईंनी हातात घेतली, पण मोडली नाही.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी घसा खाकरला. सकाळपासून पाठाबाहेरचं ते पहिल्यांदाच बोलत होते.

"शाळेत बी जात नवती. कान फुटला. मले वाटलं, वाहून वाहून बरा होईन. दवाखान्यात न्याले उशीर केला मी."

"मंग आधी काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं होतं. एका घरी."

"मंग?"

"चाय पिऊन गेले."

सत्यभामाबाईंनी हातातल्या पोळीकडे पाहिलं. मग तिचा एक तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि खाऊ लागल्या. हर्षा पोळीचे नुसते तुकडे करत बसली. हे ठिकाण तिने सुचवलं होतं. ते दारही तिनेच ढकललं होतं.

निघायची वेळ झाली. फाटकापर्यंत लांब, सरळ रस्ता होता. हर्षा सवयीने ताईच्या डावीकडे गेली.

"तू जाय," ताई म्हणाली. "आईची पिशवी धर."

"पन ताई..."

"जाय म्हन्लं न."

हर्षा आईजवळ गेली. पिशवीचा एक बंद आईच्या हातात, एक तिच्या. ताई एकटी पुढे चालली होती. तिची डावी बाजू हर्षाला पहिल्यांदाच अशी उघडी दिसली, आणि बघवेना.

मागून वीरेंद्र भराभरा चालत आला. आला तो नेमका डावीकडून. ताईजवळ पोचून त्याने काहीतरी विचारलं. ताई समोर बघत चालत राहिली.

हर्षाचे पाय अडखळले. 'उजवीकडून, उजवीकडून' असं तिच्या ओठांपर्यंत आलं. तिने पिशवीचा बंद मुठीत करकचून आवळला आणि ओठ मिटून घेतले. शेजारी सत्यभामाबाईही चालता चालता थांबल्या होत्या.

दोन-चार पावलं वीरेंद्र तसाच चालला. मग थबकला, कपाळावर हात मारला, ताईच्या मागून वळसा घालून उजवीकडे आला आणि पुन्हा बोलला.

ताईने मान वळवली. ती काय म्हणाली, हे दोन्ही कान टवकारूनही हर्षाला ऐकू आलं नाही.

"दे इकडं," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि आईच्या हातातला पिशवीचा बंद त्यांनी स्वतःच्या हातात घेतला. "सावकाश चाला व. त्याईले जाऊ द्या पुढं."