साभार परत

मित्रांनो, शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझं उरलंसुरलं रबर झडून जावो. मी एक जुना शिक्का आहे. तोंडावर दोनच शब्द: 'साभार परत'. म्हणजे आभारी आहोत, पण आपलं लिखाण घेऊन जा.

गणिताच्या एका मासिकाच्या कचेरीत मी कामाला होतो. संपादकांचा माझ्यावर भारी जीव. "काय स्वच्छ उमटतो," म्हणायचे. मी फुगायचो.

एकदा एका पंधरा वर्षांच्या मुलीचं पाकीट आलं. कागदाच्या पट्टीला घड्या घालता घालता तिला त्रिकोणांबद्दल काही नवंच सापडलं होतं. संपादकांनी तिचं वय वाचलं आणि मला उचललं.

"वाचा तरी, साहेब," टपाल बघणाऱ्या मावशी म्हणाल्या.

"मावशी, हे मोठ्यांचं मासिक आहे."

"मग पोरांनी छापायचं कुठं? भिंतीवर?"

संपादक हसले. मी धाडकन पडलो, तो नेमका तिच्या त्रिकोणावर.

तेव्हापासून मी जिथं उमटेन तिथं अक्षरांमागे तो त्रिकोण दिसायला लागला. मोठमोठ्या प्राध्यापकांच्या कागदांवरसुद्धा. संपादकांनी मला रॉकेलनं घासघास घासलं. त्रिकोण गेला नाही, माझं 'साभार' तेवढं झिजून गेलं. संध्याकाळी खणातून घड्या घातल्याचा आवाज यायचा. संपादक दचकून खण उघडायचे. आत मी एकटा.

"लागलीय ती तुमच्या मागं," मावशी म्हणाल्या.

"जिवंत पोरीचं भूत होतं होय?"

"पोरीचं नाही. न वाचलेल्या कागदाचं होतं."

माफी मागायची संपादकांना लाज वाटत होती. शेवटी त्यांनी कोऱ्या कार्डावर मला उमटवलं. नुसतं 'परत'. मावशींनी पत्ता घातला. आठवड्यात पाकीट हजर. आत चिठ्ठी: 'तुम्ही परत म्हणालात, म्हणून परत पाठवतेय.' संपादकांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि पहिल्या पानावर छापलं. खण गप्प झाला.

मित्रांनो, कुणाचंही लिखाण वय बघून परत करू नका. आधी वाचा.

आता रबर झडायच्या आत एक कबूल करतो. ते दुसरं पाकीट मी रचलं. ते आलंच नाही. कार्ड गेलं, त्यानंतर मावशी रोज टपाल उपसत राहिल्या. पहिलं पान आजही दर अंकात तिच्यासाठी कोरं सुटतं, आणि खणात घड्या पडतच असतात.

ती आता तुमच्यातल्याच कुणाची तरी आई असेल. तिला विचारून बघा. आणि म्हणावं, शिक्का सांगतोय, परत.