कोंडाजीचं मुसकं

गोजाबाईनं तिसऱ्यांदा भाकरी पुढं सरकवली आणि कोंडाजीनं ती तिसऱ्यांदा मागं सरकवली.

"घास उतरंना."

"उतरंना म्हंजी? घशात काय बांध घातलाय?"

"छातीत धडधडतंय गं. कारखान्याचा भोंगा ऐकला की वाटतं, आता मी जातो."

"कुटं जाता? कामावर तर तीन दिस गेला न्हाई!"

पुनावळ्याचा कोंडाजी पाच महिन्यांपूर्वी चिंचवडच्या बाजूला पेपरमिंटच्या कारखान्यात लागला. शेत आणि बैल धाकट्या भावाच्या, भैरूच्या हवाली केले. गोजाबाईनं कौतुकानं आळीभर गूळ वाटला. आणि आता हा दांडगा गडी वाळत चालला होता. वैद्यानं नाडी धरली आणि म्हणाला, घोड्यासारखी चाललीय. देवऋष्यानं लिंबू उतरवलं. गुण कशाचाच आला नाही. त्यात कारखान्याचा नियम असा, की चार दिवस खाडा झाला की नाव कापायचं. उद्या चौथा दिवस होता.

"तितं करता तरी काय दिसभर?" गोजाबाईनं विचारलं.

"पट्ट्यावरनं गोळ्या येत्यात. वाकड्या असतील त्या येचायच्या. आता भाकरीबी पुढं आली की आधी बघतो, वाकडी हाय का सरळ."

"एवढ्यानं छाती धडधडती?"

"बोलायचं न्हाई तितं. तोंडाला फडकं बांधत्यात. थुकी उडू नये, आन् कुनी गोळी तोंडात टाकू नये म्हनून."

"आठ तास?"

"आठ तास."

गोजाबाई उठून उभीच राहिली. मळणीत बैलानं कणसाला तोंड लावू नये म्हणून त्याला मुसकं बांधतात, ते तिच्या डोळ्यांपुढं आलं.

"अवं, मुसकं घातलंय तुमास्नी!"

वीस वर्षं ह्या माणसानं मोट हाकली होती. त्याची आरोळी पवनेपलीकडं रावेतात ऐकू जायची. बांधाचं भांडण असो, सासऱ्याचा टोमणा असो, कोंडाजी ते बैलांना ऐकवायचा आणि संध्याकाळी पाच भाकरी खाऊन गपगार झोपायचा.

तिनं त्याला दंडाला धरून विहिरीवर नेलं. भैरू मोट हाकत होता.

"भावजी, उतरा खाली. ह्येंना बसू द्या."

"वैनी, दादाला धड उभं ऱ्हाता येईना, आन् मोट हाकतोय व्हय?"

"उतरा म्हनते ना!"

कोंडाजी मोटेच्या दोरावर बसला. बैल उभे. कोंडाजीही गप्प.

"बोला की," गोजाबाई म्हणाली.

"काय बोलू?"

"साहेबाला बोलायचं ऱ्हायलंय ते बैलाला बोला."

कोंडाजी आधी पुटपुटला. पहिली मोट निम्मीच भरून आली. दुसऱ्या मोटेला खाकरला. तिसऱ्या मोटेला मात्र त्याचा आवाज फुटला.

"चल रं नानासाहेबा! पट्टा हळू कर म्हनलं तर दात काढतोस? लघवीला जायला चिठ्ठी मागतोस? तुज्या आज्यानं दिली हुती का चिठ्ठी?"

बैलांनी कान टवकारले आणि उतारावरून अशी धाव घेतली, की पाणी पाटाबाहेर उसळलं. भैरू एकाएकी खोकायला लागला. डोळ्यांनी खुणा करायला लागला. कोंडाजीला कशाचंच भान नव्हतं. बांधावर सायकल धरून कारखान्याचे सुपरवायझर नानासाहेब उभे होते. गैरहजर माणसाची चौकशी करायला आले होते.

"ह्या बैलाचं नाव नानासाहेब कधीपासून?"

कोंडाजी दोरावरून पडता पडता वाचला. गोजाबाईनं पदर सावरला.

"आजपासनं, साहेब. आदी पाखऱ्या हुता."

आता नाव कापलं जाणार, हे तिघांनाही कळलं. नानासाहेबांनी बैलाला शिंगांपासून शेपटीपर्यंत न्याहाळलं. पुण्याचा किडकिडीत माणूस, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मग त्यांनी सायकल झाडाला टेकवली.

"मॅनेजर मला सगळ्यांदेखत बोलतात, कोंडाजी. माझाही घास उतरत नाही." ते बैलांजवळ आले. "त्या दुसऱ्या बैलाला अजून कुणाचं नाव दिलं नाही ना?"

विजार गुडघ्यापर्यंत दुमडून ते दोरावर बसले.

"अहो मॅनेजरसाहेब, जरा चलता का?"

बैलानं शेपटी हलवली.

"साहेब, अहो-जाहो केल्यावर पानी येत न्हाई," कोंडाजी अजिजीनं म्हणाला.

नानासाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं, डोळे मिटले आणि पुण्याच्या माणसाला येतील असं कुणाला वाटलं नसतं, असे शब्द काढले. गोजाबाईनं कान झाकले, पण पुरते नाही.

त्या दिवशी कोंडाजीनं चार भाकऱ्या खाल्ल्या. एकही उलटून पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी भोंग्याआधी कामावर हजर झाला.

पुढच्या रविवारी नानासाहेब आले, बरोबर हजेरीचे कारकून सोपानराव. त्यापुढच्या रविवारी पाच जण आले आणि बैलांपुढं नंबर लावून बसले.

चौथ्या रविवारी भैरू कपाळाला हात लावून दारात आला.

"वैनी, ह्येंची मनं हलकी झाली, पर वाफ्यात गुडघाभर चिखल झालाय. कांदा सडला समदा!"

गोजाबाईनं विहिरीकडं कान दिला. कुणीतरी नवाच माणूस जीव तोडून ओरडत होता. नव्यानं लागलेला दिसत होता.

"कांदा काढून टाका, भावजी," ती म्हणाली. "ऊस लावा."