पिलं न टिकणारं पाणी

बारा वर्षं बोटीच्या भट्टीत कोळसा ओढून चिमाजी एकोणीसशे चौतीस साली वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या आपल्या गावी परतला, आणि पहिल्याच दिवशी ओट्याओट्यावरची माणसं मोजत फिरला. गाव माणसांनी गच्च होतं. रांगणारी पोरं मात्र मोजून दोन.

असं भरलेपण त्यानं आधी पाहिलं होतं. शेवटची दोन वर्षं तो बर्फाच्या समुद्रात एका गोऱ्या साहेबाच्या हाताखाली होता. साहेब समुद्राच्या तळातून साळिंदरासारख्या काट्यांचे जिवंत गोळे उपसायचा, कवच फोडून त्यावरची वळी मोजायचा. वर्षाला एक वळं. त्या गार पाण्यात वाढ एवढी मंद, की लिंबाएवढा गोळा चाळीस वर्षांचा निघायचा. एका जागी तळ काळाकुट्ट भरला होता. चिमाजी हरखून म्हणाला, "लई पीक हाय, साहेब." साहेब हसला नाही. सगळे म्हातारे होते. अंडी दरसाल पडत होती, पिलू एक टिकत नव्हतं. ते पाणी जिवंत दिसत होतं, एवढंच.

आता डोळा लागला की गावातल्या ओट्यांवर तेच काळे गोळे बसलेले दिसायचे.

सून सगुणा तिसऱ्यांदा गरोदर होती. आधीची दोन आठव्या दिवशी गेली. जबडा मिटला, दूध सुटलं, अंग धनुष्यासारखं वाकलं. गाव म्हणालं, सटवीनं नेलं. सटवीला नारळ फोडायला गाव हौशी. उशाला गुंजवणी नदी वाहते, पण सुईणीचा विळा धुवायला कुणाला पाणी सापडत नव्हतं. त्याच विळ्यानं गवत, त्याच विळ्यानं नाळ. वर बेंबीवर शेण.

"अंबूआत्या, औंदा विळा उकळून घ्या. आन् शेण न्हाई लावायचं," चिमाजीनं सुईणीला गाठून सांगितलं.

"बोटीवर बाळंतपणं करत व्हतास व्हय रं?" अंबूबाई म्हणाली. पाणवठ्यावरच्या बाया फिदीफिदी हसल्या.

"बोटीवरचा डाक्तर चाकू उकळून घ्यायचा. आन् गाईच्या वासराला कोण शेण लावतंय? जगतंय न्हवं ते?"

"पन्नास वर्सं हेच करतीया म्या. तूबी ह्याच हातातनं निघालास!"

"निघालो. माज्या पाठची चार गेली."

बाया आपापल्या घागरी भरायला वळल्या. अंबूबाई तोंड वाकडं करून निघून गेली, पण सगुणेच्या वेळी तिनं मुकाट्यानं विळा उकळत्या पाण्यात टाकला, बेंबीला शेणही लावलं नाही.

आठवा दिवस चिमाजीनं उंबऱ्यात बसून काढला. पोर दूध ओढत होतं. नववा गेला. पंधरावाही गेला.

मानाचं लुगडं घेऊन तो अंबूबाईकडं गेला. तिनं लुगड्याला हात लावला नाही.

"चिमाजी, तुजी पाठची चार... ती मीच घालवली?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"व्हय," तो म्हणाला. "आन् बनाबाईच्या सुनंला कळा सुटल्यात. पाणी उकळत ठेवलंय. उठा."

ती उठली. वाटेत प्रत्येक घरापाशी थांबायची, तिथं गेलेल्या पोरांचा आकडा पुटपुटायची, मग पुढं. बनाबाईचं घर अजून लांब होतं, तरी चिमाजीला तिला घाई करवेना.