पारड्यातला मासा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. गोल पांढरी तबकडी, तिच्यावर एक लाल सुई आणि खाली तीन साखळ्यांना टांगलेलं पारडं, एवढाच माझा संसार. कारखान्यातून निघाल्यावर पहिली बारा वर्षं मी धक्क्यावर काढली. होड्या लागल्या की टोपल्यांमागून टोपल्या माझ्यावर चढायच्या. कधी वाद पेटला, तर दोन्ही बाजू म्हणायच्या, "काट्यावर टाका, तो खोटं बोलत नाही." त्या एका वाक्यावर माझी छाती फुगायची.

मग एका बेटावर, किनाऱ्यालगतच्या खानावळीत माझी रवानगी झाली. सुट्टीला आलेली माणसं तिथे जेवायला येतात. बर्फावरचा मासा त्यांनी निवडायचा, तो त्यांच्यासमोर माझ्यावर तोलायचा आणि मग आत चुलीवर जायचा, अशी तिथली रीत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी लटकतो. त्यामुळे बाहेरचं दिसतं, तसं आतलंही. पण इथे माझी अब्रू गेली. खाऱ्या वाऱ्याने साखळ्यांना गंज चढला, पुसायला कुणाला सवड नाही. पाहुणे माझ्याकडे चोराकडे बघावं तसे बघतात.

एका दुपारी एक कुटुंब आलं. नवरा, बायको आणि दोन मुली. गृहस्थ म्हणजे शंकेचा पुतळाच! खुर्ची हलवून पाहिली, पेला उजेडात धरून पाहिला. पिण्याचं पाणीसुद्धा सीलबंद बाटलीतून स्वतःचं आणलं होतं.

"अहो, सुट्टीवर आलोय आपण, धाड घालायला नाही," बाई म्हणाल्या.

मालकाने त्या दिवशी माशांच्या डोक्यांवर बर्फाचा ढीग रचला होता. नुसत्या शेपट्या बाहेर. बाईंनी शेपटीला खाच पडलेला एक मोठा मासा दाखवला. तो माझ्या पारड्यात आला, तेव्हा मला त्याचे डोळे दिसले. खोल गेलेले, दुधाळ. मासा ताजा नव्हता! मी काय करणार? माझ्या तबकडीवर वजनाचे आकडे आहेत, शिळेपणाचा एकही नाही. आणि सगळ्यांची नजर माझ्या सुईवर.

"काट्यात गडबड आहे," गृहस्थ म्हणाले.

मालक हसला. त्याने साखरेचं एक किलोचं न फोडलेलं पाकीट ठेवलं. माझी सुई बरोबर एकवर.

"पाकीटही तुमचंच!" गृहस्थांनी आपली लिटरभर पाण्याची बाटली ठेवली. सुई एकच्या केसभर पुढे गेली.

"बाबा, ते बाटलीचं वजन," थोरली मुलगी पुटपुटली. शेजारच्या टेबलावर हशा पिकला.

"साहेब, आमचा काटा म्हणजे देवाघरचा न्याय!" मालक गरजला. मित्रांनो, एवढी स्तुती, पण ती मला टोचली. माझ्या खरेपणाच्या आडोशाने तो शिळा माल खपवत होता.

थोड्या वेळाने तळलेला मासा टेबलावर आला. बाईंचा हात घासाआधीच थांबला. ताटातल्या माशाची शेपटी अख्खी होती. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. हे त्यांना सांगितलं असतं, तर पुढची सगळी सुट्टी गृहस्थ गादीसुद्धा उसवून बघत बसले असते.

"मीठ आणते," म्हणून बाई उठल्या आणि खिडकीशी आल्या. आत रांधणाऱ्या मावशी होत्या.

"मावशी, मी निवडलेला मासा हा नव्हे."

मावशींचा झारा थबकला. मालक बाहेर गुंतलाय हे पाहून त्यांनी ओट्याखालची बादली ओढली आणि खाचेच्या माशाचे कल्ले उचलले. लाल असायला हवेत, ते मातकट तपकिरी होते. बाईंनी नाक धरलं.

"तुमच्या मुली बघितल्या आणि हात धजेना," मावशी कुजबुजल्या. "सकाळी आलेल्यातला दुसरा तळला. पण माझं नाव घेऊ नका. मालकांना कळलं, तर उद्यापासून घरी बसावं लागेल."

बाई परतल्या. "मिठाला इतका वेळ?" गृहस्थांनी विचारलं. आता बायकोवरही संशय!

तेवढ्यात एक म्हातारं जोडपं आलं. आजोबांनी एका शेपटीकडे बोट दाखवलं आणि मासा माझ्या पारड्यात पडला. पुन्हा तेच दुधाळ डोळे. आजोबा मात्र चष्मा सावरून माझी सुई बघत होते.

बाई उठून उभ्या राहिल्या. खरं सांगतो, मला वाटलं, ही आता मावशींचं नाव घेणार.

"आजोबा, काटा खरा आहे, आम्ही तपासलाय. तुम्ही त्या माशाचे कल्ले उचलून बघा."

"बाई, तुम्ही निवांत जेवा की," मालक म्हणाला.

"जेवतेच आहे. तुम्ही कल्ले उचला."

आजोबांनी स्वतःच बोट घालून कल्ला उचलला. आजींना लांबूनच वास आला. "अहो, खाली ठेवा तो! याला मूठमाती द्या!" मग काय, तीन टेबलांवरची माणसं उठली आणि बर्फ उपसू लागली. मालकाला पळता भुई थोडी झाली. चार मासे सगळ्यांदेखत फेकावे लागले.

गृहस्थ बायकोकडे डोळे विस्फारून बघत होते. "तुला कसं कळलं गं?"

"अठरा वर्षं तुमच्यासोबत राहतेय. थोडं तरी अंगाला लागणारच ना!"

पाहुणे पांगल्यावर मालक खिडकीशी आला. "ती बाई तुझ्याशी काय बोलत होती?"

"मीठ मागत होती," मावशी म्हणाल्या आणि कढई घासत राहिल्या. मालकाने मग माझ्याकडे रोखून पाहिलं, जणू मीच चहाडी केली. मी सुई शून्यावर ठेवून लटकत राहिलो. दुसऱ्या दिवसापासून मात्र बर्फ माशांच्या खाली गेला.

मित्रांनो, माझी परीक्षा खुशाल घ्या. संशयाचा मला राग नाही. पण सुई बघून झाली की मान जरा खाली करा आणि पारड्यात काय ठेवलंय तेही बघा. आणि जमलं तर गोड्या पाण्याचं फडकं माझ्या साखळ्यांवरून एकदा फिरवा. खरं बोलणाऱ्याला असं गंजू देऊ नका.